खापरपणजोबांचं तैलचित्र: पुसायच्या आधी पाठ बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गिरगावातल्या चाळीत चार पिढ्यांपासून एक मोठं तैलचित्र भिंतीवर आहे. चित्रात खापरपणजोबा, हायकोर्टात वकील. डोक्यावर पगडी, अंगात काळा झगा, उजवा हात टेबलावरच्या जाड पुस्तकावर. ते 1884 साली वारले. चित्र इतकं काळवंडलंय की चेहरा आणि हात सोडले तर बाकी काही दिसत नाही. कपाळाशी कुंकवाचा डाग आहे, खालच्या कोपऱ्यात कॅनव्हास बोटभर फाटलाय, तिथे धागे दिसतात. सही सापडत नाही, पण घरात सगळे हे चित्र रविवर्म्याचं असल्याचं सांगत आलेत. आता चाळ रिडेव्हलपमेंटला जाणार, सामान हलवायचंय. फ्रेमवाला म्हणतो, ‘साफ करून, प्लायवर चिकटवून, नवं वॉर्निश मारून देतो.’ अमेरिकेतला भाऊ म्हणतो, ‘मी घेऊन जातो.’ काय करावं, आणि चित्राची किंमत किती?

मी जुन्या चित्रांच्या जतनाचं काम करतो आणि मुंबईतल्या घरांतून अशी व्यक्तिचित्रं बरीच हाताळली आहेत. फ्रेमवाल्याला आजच नाही म्हणून कळवा. त्याने सांगितलेल्या तिन्ही गोष्टी चित्राला मारक आहेत, आणि प्लायवर चिकटवणं सगळ्यात जास्त. कारण असं निनावी, सही नसलेलं चित्र कोणाचं, कधीचं आणि कुठे झालं याचा सगळ्यात भरवशाचा पुरावा त्याच्या पाठीवर असतो. एकदा ती पाठ गोंदाखाली गेली की परत मिळत नाही.

तेव्हा आधी चित्र उतरवा. दोघांनी मिळून, दोन्ही बाजूंनी खालून आधार देऊन. वरच्या पट्टीला धरून उचलू नका, जुन्या फ्रेमचे कोपरे सुटलेले असतात. पलंगावर स्वच्छ चादर पसरा, चित्र भिंतीला तिरकं टेकवून उभं ठेवा आणि मागून टॉर्च मारा. तोंडावर पालथं घालू नका. कोपऱ्यात फाटलंय म्हणजे त्याच्या आसपासचा रंगही सुटायला आलेला असणार.

मागे एक लाकडी चौकट दिसेल, तिच्यावर कॅनव्हास ताणून बसवलेला असतो. तिला आम्ही स्ट्रेचर म्हणतो. पुढून दिसते ती नक्षीची सोनेरी फ्रेम वेगळी. या आतल्या चौकटीच्या कोपऱ्यांत लाकडाच्या छोट्या पाचरी ठोकलेल्या आहेत का बघा. पाचरी असतील तर चौकट विचारपूर्वक, कॅनव्हास सैल पडला की पुन्हा ताणता यावा म्हणून केलेली आहे. कोपरे खिळ्यांनी पक्के ठोकलेले असतील तर बहुधा इथल्या सुताराने केलेली. यात कमीजास्त दर्जाचा प्रश्न नाही, पण चित्र कुठल्या वाटेने तयार झालं ते कळतं. मग खिळे बघा. कॅनव्हास कडेला लहान, गंजलेल्या लोखंडी खिळ्यांनी बसवलेला असेल तर उत्तम. चकचकीत स्टेपल दिसले तर विसाव्या शतकात किंवा नंतर कोणीतरी तो एकदा उतरवून परत ताणलाय, आणि तेव्हा आणखी काय काय केलं असेल ते शोधावं लागेल.

आता कॅनव्हासची पाठ. इंग्लंडहून रंगसाहित्य पाठवणाऱ्या कंपन्या तयार कॅनव्हासच्या मागे आपला शिक्का मारत. विन्सर अँड न्यूटन ही त्यातली मोठी, 1832 साली लंडनला सुरू झालेली. रावनीचा मालही येई. शिक्क्यात कंपनीचं नाव आणि पत्ता असतो, आणि या कंपन्यांनी पत्ते आणि नावाची धाटणी वेळोवेळी बदलल्यामुळे नुसत्या शिक्क्यावरूनही कॅनव्हासचा काळ काही वर्षांच्या आत आणता येतो. शिक्का पुसट असेल तर टॉर्च अगदी कडेने, कापडाला जवळजवळ समांतर धरा. सरळ उजेडात दिसत नाही ते तिरक्या उजेडात वर येतं. मोबाइलवर फोटो काढून त्यातला काळ्या-पांढऱ्याचा फरक (कॉन्ट्रास्ट) वाढवूनही वाचून बघा.

मापंही घ्या, इंचांत आणि फ्रेमशिवाय. व्यक्तिचित्रांची इंग्रजी मापं ठरलेली होती. 24 बाय 20 म्हणजे नुसतं डोकं-खांदे. 30 बाय 25 सगळ्यात चालतं माप, छातीपर्यंतचं. 36 बाय 28 मध्ये एक हात किंवा दोन्ही हात येतात. 50 बाय 40 मध्ये बसलेली आकृती गुडघ्यांपर्यंत. तुमच्या चित्रात हात आणि टेबल आहे म्हणजे ते 36 बाय 28 किंवा त्याहून मोठं असावं. माप या साच्यात बरोबर बसलं तर कॅनव्हास विलायती पद्धतीने मागवलेला किंवा कापलेला. साच्याबाहेर असेल, विशेषतः एखाद्याच बाजूला कमी असेल, तर नंतर कोणीतरी नव्या फ्रेममध्ये बसवायला कापलंय का, तो संशय घ्या. मुंबईत हे सर्रास झालंय. कापलेल्या पट्टीबरोबर सही गेलेली असू शकते.

कॅनव्हासची दुमडलेली कडही बघा. पांढरा अस्तर-रंग, म्हणजे चित्राच्या आधी कापडाला देतात तो थर, पार कडेपर्यंत, खिळ्यांच्याही पुढे गेला असेल तर तो कारखान्यात लांब पट्ट्यावर चढवून नंतर कापलेला. समोरच्या भागावरच असेल तर चित्रकाराने कापड ताणून स्वतः अस्तर दिलंय.

शेवटी कागदाच्या चिठ्ठ्या, खडूचे आकडे, पेन्सिलीचं लिखाण, फ्रेमवाल्याचं लेबल. यातलं काहीही खरवडू नका. बॉम्बे आर्ट सोसायटी 1888 साली निघाली, आणि तिच्या प्रदर्शनातून गेलेल्या एखाद्या चित्राच्या मागे त्याची खूण राहिलेली असू शकते. तुमच्याकडे तसं काही निघालं तर निम्मं काम झालं.

हे सगळं टिपून झालं की वळायचं चेहऱ्याकडे.

तुमच्या खापरपणजोबांच्या निधनाचं साल माहीत आहे ही फार मोलाची गोष्ट. रविवर्म्यांचं मुंबईतलं काम मुख्यतः 1890 नंतरचं. त्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला 1894 साली. म्हणजे 1884 साली वारलेल्या गृहस्थांना समोर बसवून त्यांनी मुंबईत चित्र काढलं असण्याची शक्यता फार थोडी उरते. शिवाय ते आपल्या कामावर बहुतेक वेळा सही करत. घरोघरी ‘रविवर्मा’ सांगितलं जातं त्यामागे बहुधा एकच कारण असतं: त्या काळच्या चित्रकारांपैकी घरातल्यांना तेवढंच नाव ठाऊक असतं. पण रविवर्मा नाहीत म्हणून चित्र हलकं ठरत नाही. उलट मला अशी चित्रं जास्त जवळची वाटतात, कारण ती या शहराच्या आपल्या हातांनी केलेली आहेत, आणि ते हात कोणाचे याची नोंद कोणी नीट ठेवली नाही.

मुंबईत 1857 साली सर जमशेटजी जीजीभाईंच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून कलाशाळा, म्हणजे जे.जे., उभी राहिली. 1865 साली जॉन ग्रिफिथ्स आणि लॉकवूड किपलिंग शिकवायला आले. ग्रिफिथ्सने 1872 पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या, ते काम 1885 पर्यंत चाललं. त्याच्या हाताखाली तयार झालेले पेस्तनजी बोमनजी (1851–1938) व्यक्तिचित्रांत नावाजले. पुढच्या फळीत धुरंधर (जन्म 1867), त्रिंदाद (जन्म 1870) आणि पिठावाला (जन्म 1872). पिठावालांनी तर मुंबईच्या प्रतिष्ठितांची व्यक्तिचित्रं हयातभर केली. या नावांच्या मागे जे.जे.त शिकलेले, पेढी थाटून बसलेले कितीतरी चित्रकार होते. ते ऑर्डर घेत, काम करून देत आणि सहीची फारशी फिकीर करत नसत. तुमचं चित्र 1880 च्या आसपासचं असेल तर धुरंधर, त्रिंदाद, पिठावाला ही नावं वयानेच बाद होतात. मात्र मृत्यूनंतर पंधरा-वीस वर्षांनी मुलाने करून घेतलेलं असेल तर तिघेही पुन्हा विचारात येतात.

म्हणून खरा प्रश्न हा की चित्र माणूस समोर बसवून काढलंय की फोटोवरून. फोटोग्राफी मुंबईत लवकर रुजली, 1854 साली इथे फोटोग्राफिक सोसायटीही निघाली होती. वडील गेल्यावर छोट्या फोटोवरून मोठं तैलचित्र करून घेणं ही पुढे रीतच झाली. ओळखायचं कसं ते सांगतो. चेहरा अगदी रेखीव, सुरकुती न् सुरकुती मोजून घ्यावी असा, आणि खांद्याखालचं अंग मात्र कोणाचंही असावं तसं ढोबळ, हे पहिलं लक्षण. चेहऱ्यावर उजेड डावीकडून आणि टेबलावरच्या पुस्तकाची सावली तिसरीकडेच, हे दुसरं. तिसरं हातात दिसतं. समोर बसलेल्या माणसाचा हात चित्रकाराला खिळवून ठेवतो. शिरा, नखं, बोटांच्या पेरांवरचा लालसरपणा, अंगठीच्या कडेने दबलेली कातडी, हे फोटोवरून सहसा येत नाही, कारण त्या काळच्या लहान फोटोत हात हललेला किंवा पुसट असे. तेव्हा पुस्तकावरचा तो हात भिंग घेऊन नीट बघा. तो हात जिवंत असेल तर तुमचे खापरपणजोबा त्या चित्रकारासमोर बसले होते, आणि चित्र 1884 च्या आधीचं आहे. ही एवढी एक गोष्ट ठरली तरी पुढचा शोध अर्ध्यावर येतो.

भिंगातून आणखी एक तपासा. शतकाच्या अखेरीस फोटो ब्रोमाइड कागदावर मोठा करून त्यावर रंग चढवत. रंग पातळ असेल तिथे, बहुधा कानामागे किंवा पगडीच्या कडेला, खालचा करडा फोटो डोकावतो. मागे कापडाऐवजी कापडाला चिकटवलेला कागद असेल तर ही शंका पक्की. आणि छापील चित्र असेल तर भिंगाखाली रंगाचे बारीक ठिपके दिसतात. तुम्ही फाटलेल्या जागी कॅनव्हासचे धागे दिसतात म्हणता, तेव्हा तुमच्याकडे छपाई असण्याची भीती कमी.

पोशाखाकडेही कागदपत्रासारखं बघा. त्या मुंबईत डोक्यावरच्या पगडीवरून माणसाची जातजमात दुरून ओळखू येई. पुणेरी पगडी वेगळी, पाठारे प्रभूंची वेगळी, शेणव्यांची वेगळी, पारशांची, भाटियांची आणखी वेगळी. पगडी तुमच्या घराण्याशी जुळत नसेल तर चित्रातले गृहस्थ दुसरेच कोणी असण्याची शक्यता गंभीरपणे घ्या. वकील, डॉक्टर, प्रोफेसर ही मंडळी आपल्या गुरूचं किंवा आश्रयदात्याचं चित्रही घरात लावत. दोन पिढ्यांनी तोच ‘आमचा पणजोबा’ होतो.

काळ्या झग्याबद्दल घाईने निष्कर्ष काढू नका. तो कोर्टाचा गाऊन असेल तर गळ्याशी पांढऱ्या बँडच्या दोन पट्ट्या शोधा. विद्यापीठाचा पदवीदान समारंभातला असेल तर खांद्यावरून मागे जाणारा रंगीत पट्टा असतो, आणि नेमका तोच अशा काळवंडलेल्या चित्रात दिसेनासा होतो. मुंबई विद्यापीठ 1857 चं, हायकोर्ट 1862 चं, आणि इथली पहिली पदवीधरांची तुकडीही 1862 चीच, ज्यात रानडे आणि भांडारकर होते. त्या पिढीला पदवीचा झगा हा मोठा मान होता, त्यामुळे वकिलानेही चित्रासाठी तो घातलेला असू शकतो. पदवीधर असतील तर विद्यापीठाच्या जुन्या कॅलेंडरांत वर्षवार नावं छापलेली आहेत, तिथे ते सापडतील. छातीवर एखादं पदक दिसलं तर तेही टिपा. सी.आय.ई.चं (‘कम्पॅनियन ऑफ दि इंडियन एम्पायर’ हा ब्रिटिश सरकारचा किताब) असेल तर चित्र 1878 च्या आधीचं नाही, कारण तो किताबच त्या साली सुरू झाला.

पुस्तकाच्या पाठीवरची अक्षरं वाचता येतात का बघा. चित्रकार बरेचदा खरं नाव लिहीत. कायद्याचं पुस्तक निघालं तर वकिलाची ओळख घट्ट होते. वैद्यकाचं निघालं तर घरातल्या आठवणी पुन्हा चाळून बघाव्या लागतील. ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 पासून आहे, आणि भाऊ दाजींसारखे तिथले पहिले डॉक्टर 1850 च्या आगेमागे बाहेर पडले. तेव्हा त्या काळच्या मुंबईत काळ्या झग्यातला पगडीवाला माणूस डॉक्टरही असू शकतो. स्टेथोस्कोप नाही म्हणून डॉक्टर नाही असं धरू नका. त्या चित्रांत धंद्याच्या हत्यारापेक्षा पुस्तक दाखवणं जास्त मानाचं समजत.

कागदांचा शोध घ्यायला मुंबईत जागा आहेत. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार, टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. निधनाचं वर्ष ठाऊक आहे, तेव्हा 1884 चे ‘इंदुप्रकाश’ आणि ‘नेटिव्ह ओपिनियन’चे अंक बघायला मिळाले तर मृत्युलेख शोधा. नावाजलेल्या वकिलावर चार ओळी तरी येत.

आता काळेपणा. हा एका थराचा नसतो. सगळ्यात वर धूळ आणि काजळी. तुमचं घर गिरगावातलं, चित्राखाली समई, उदबत्ती, कापूर, शेजारी कधीकाळी रॉकेलचा कंदील. त्याखाली वॉर्निश. डामर किंवा मॅस्टिक या झाडांपासून मिळणाऱ्या राळेचं वॉर्निश आधी पाण्यासारखं स्वच्छ असतं, पण काही दशकांत पिवळं आणि मग चहासारखं तपकिरी होतं. त्याखाली खुद्द चित्राचा रंग, आणि तो मुळातच गडद असू शकतो. त्या काळात काही चित्रकार पार्श्वभूमीला डांबराच्या जातीचा तपकिरी रंग वापरत. तो सुरुवातीला अतिशय खोल, मखमली दिसतो, पण पुरता वाळत कधीच नाही, आणि वर्षांनी त्याला सुसरीच्या कातडीसारख्या रुंद भेगा पडतात. तशा भेगा दिसल्या तर तिथे कोणताही द्राव लावणं म्हणजे चित्रच विरघळवणं.

या थरांत फरक करायला आम्ही कापसाची बारीक काडी करतो, ती जिभेवर ओली करतो आणि अगदी कडेला, फ्रेमखाली झाकल्या जाणाऱ्या जागी, दोन-तीन वेळा हलकेच फिरवतो. थुंकीने? हो, थुंकीने. तिच्यातल्या एन्झाइममुळे मळ सुटतो, ती सौम्य असते, आणि जगभरचे संवर्धक ती वापरतात. कापूस करडा-काळा झाला तर वरचा थर काजळीचा. कापूस पांढराच राहिला आणि चित्र पिवळं ते पिवळंच, तर दोष वॉर्निशचा आणि तिथे द्रावक लागतो. कापसावर चित्रातला रंग आला तर तिथेच थांबायचं. ही चाचणी मी कशी करतो ते कळावं म्हणून सांगितली. तुम्ही घरी करू नका, कारण फाटलेल्या, रंग सुटलेल्या चित्रावर कापूस कुठे फिरवायचा नाही हे आधी कळावं लागतं.

घरगुती उपायांची यादी मला तोंडपाठ आहे: कापलेला बटाटा, कांदा, लिंबू, पाव, साबणाचं पाणी आणि सगळ्यात वाईट म्हणजे खोबरेल तेल. तेल लावल्यावर चित्र क्षणभर झळाळतं, सगळे खूश होतात. ते तेल भेगांतून खाली उतरतं, धूळ धरून ठेवतं, पावसाळ्यात त्यावर बुरशी येते, आणि पुढे ते चिवट होऊन बसलं की रंगाला धक्का न लावता काढणं फार अवघड जातं. तुमच्या घरात आधी कोणी तेल लावलं असेल तर ते संवर्धकाला स्पष्ट सांगा. लपवू नका, कामाची पद्धतच त्यावर ठरते.

कुंकवाबद्दल मला थोडं बोलायचंय. पितृपक्षात, पुण्यतिथीला घरच्यांनी श्रद्धेने कपाळाला गंध-कुंकू लावलं, हार घातला. चित्राला काच नव्हती म्हणून ते थेट रंगावर लागलं. हा अपघात नाही, ते चित्र तुमच्या घरात ज्या मानाने वावरलं त्याचा तो माग आहे. म्हणून काढायच्या आधी मी नेहमी घरच्यांना विचारतो. काढायचं ठरलं तर आधी कुंकू कशाचं होतं ते पाहावं लागतं. हळदीपासून केलेलं जुनं कुंकू वेगळं वागतं, बाजारातलं रंग घातलेलं वेगळं. बाजारातल्या कुंकवाचा रंग ओला झाला की पसरतो, त्यामुळे ओल्या फडक्याने पुसलंत तर डाग टिकलीएवढा होता तो कपाळभर होईल. तो तसाच राहू द्या. हार मात्र आजपासून बंद करा. ओल्या फुलांचं पाणी नेमकं फ्रेमच्या खालच्या पट्टीत साचतं आणि खालचे कोपरे तिथूनच कुजायला लागतात. कोपरा फाटलाय तो बहुधा असाच कमकुवत झालेला. मान द्यायचा असेल तर चित्राशेजारी कोनाड्यात फुलं ठेवा.

फाटलेल्या जागी मागून सेलोटेप, बँडेज, गोंद काही लावू नका. लोंबणारे धागे कापू नका, त्याच धाग्यांना एकेक करून जोडता येतं. रंगाचा कपचा पडला तर लहान डबीत ठेवून वर जागा लिहा.

नवं कापड मागून चिकटवण्याबद्दल कोणी सुचवेल. याला लायनिंग म्हणतात. विसाव्या शतकात आपल्याकडे मेण आणि राळेच्या मिश्रणाने ते भरपूर केलं गेलं. कॅनव्हास पार कुजला असेल तर कधी कधी पर्याय नसतो. पण बोटभर फाटल्यासाठी पूर्ण चित्राला मेण पाजणं मला मुळीच मान्य नाही. त्याने रंग गडद होतात, आणि शिक्का-लिखाण असलेली पाठ कायमची झाकली जाते. तुमच्या चित्राला तिथल्या तिथे दुरुस्ती पुरेल असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. कोणाकडेही काम द्याल तेव्हा लेखी मागा: आधीचे फोटो, काय वापरणार, आणि नंतर काढता येईल असंच साहित्य वापरणार ना. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे, सल्ल्याची सुरुवात तिथून करता येईल.

मुंबईच्या हवेचं काय? तैलचित्राचं कापड आणि रंग यांच्यामध्ये सरसाचा पातळ थर असतो. दमट हवेत तो फुगून मऊ पडतो, कोरड्या हवेत आक्रसतो, आणि वरचा वाळलेला रंग त्याच्याबरोबर हलू शकत नाही म्हणून तडकतो. जुलैत हवेतली आर्द्रता 85-90 टक्क्यांना टेकते. त्यात रात्री एसी, दिवसा खिडकी उघडी, असं रोजचं वर-खाली सततच्या दमटपणाहून वाईट. पावसाळ्यात वॉर्निशवर पांढुरकी झाक येते, ती बुरशीच असते असं नाही, पुष्कळदा वॉर्निशमध्ये शिरलेली ओल असते. बुरशी असेल तर मागे भुरकट ठिपके आणि कुबट वास येतो. लोणच्याच्या बरण्यांसारखं चित्राला ऊन दाखवायची सवय मोडा, कडक उन्हात जुना रंग उचलला जाऊ शकतो.

नव्या घरात चित्र आतल्या भिंतीवर लावा. बाहेरच्या, पावसाचा मारा घेणाऱ्या भिंतीवर, स्वयंपाकघराच्या किंवा देवघराच्या शेजारी, एसीच्या झोतात नको. फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावून भिंतीपासून इंचभर अंतर ठेवा, वारा खेळू द्या, पाल आणि वाळवी दोन्ही लवकर दिसतात. जुनी सुतळी फेकून द्या, दोन कड्या आणि तार वापरा. मागे एक हलका फलक स्क्रूने बसवून घ्या, म्हणजे धूळ आणि धक्के दोन्हींपासून पाठ वाचते. डांबराच्या गोळ्या फ्रेममागे ठेवू नका, त्यांची वाफ वॉर्निशला मऊ करते.

हलवाहलव पावसाच्या आधी उरका. चित्राच्या तोंडाला बबलरॅप टेकवू नका, त्याच्या फुग्यांचे गोल ठसे वॉर्निशवर उमटलेले मी पाहिलेत. गुळगुळीत ग्लासीन कागद, मग कोपऱ्यांना फोम, मग पुठ्ठ्याची पेटी. रंग सुटत असेल तर पेटी आडवी, चित्र तोंड वर करून. टेम्पोत गाद्यांच्या गठ्ठ्यात नाही, कोणाच्या तरी मांडीजवळ. तात्पुरत्या घरात माळ्यावर टाकू नका, माळ्यावरची उष्णता आणि विसर पडण्याची सवय दोन्ही वाईट.

किंमत विचारलीत. सही आणि पुरावा नसलेल्या व्यक्तिचित्राला लिलावात फार मोठी किंमत येत नाही, आणि फोटो पाहून आकडा सांगणाऱ्याकडून सावध राहा. चित्रकार सिद्ध झाला तर गोष्ट वेगळी, आणि तो सिद्ध करणारा माल पाठीवर आहे.

भावाचं काय? 1972 च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं चित्र पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. तुमचं चित्र 1884 च्या आसपासचं असेल तर ते या कायद्यात सरळ येतं. आणि ते खरोखर रविवर्म्यांचं निघालं, तर त्यांच्या चित्रांना 1979 पासून राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा आहे, म्हणजे वाट आणखीच बंद. सामानात घालून नेऊ असं कोणी सुचवलं तर ऐकू नका, तो गुन्हा आहे. चित्रांची नोंदणीही पुरातत्त्व खात्याकडे करावी लागते, ती प्रक्रिया स्थानिक नोंदणी अधिकाऱ्याकडे विचारून घ्या. भावासाठी साफसफाईनंतर उत्तम दर्जाचा फोटो काढून त्याच मापाची प्रत छापून घ्या. फोटो संवर्धक काढतोच, त्याची मूळ फाइल मागून ठेवा.

संवर्धकाला दाखवायला जाल तेव्हा हे फोटो बरोबर न्या: पूर्ण पुढची बाजू, पूर्ण मागची बाजू, चारही कोपरे मागून, पुस्तकावरचा हात जवळून, फाटलेली जागा, आणि चित्रावर एका बाजूने टॉर्च मारून काढलेला एक. फ्लॅश वापरू नका. आणि घरातली सगळ्यात वयस्कर व्यक्ती या चित्राबद्दल जे सांगेल, म्हणजे कोणी आणलं, कुठल्या घरातून आलं, कधी फ्रेम बदलली, ते सगळं रविवर्म्याच्या गोष्टीसकट कागदावर पेन्सिलीने लिहून, तारीख घालून, पाकिटात घालून मागच्या फलकावर चिकटवा. कॅनव्हासवर काहीही लिहू नका.